दाखला, पगार आणि नोंद: शेवटच्या कार्यकाळात मतदाराच्या एका प्रश्नाला उत्तर

बाजार समितीतील एका नोंदित हमालाच्या मुलाने मला लेखी प्रश्न पाठवला आहे. तो थोडक्यात असा: "साहेब, पुढची निवडणूक लढवणार नाही असे तुम्ही जाहीर केले. आजवर दाखला अडला, शिधापत्रिकेत नाव लागले नाही, पगार थकला, की आम्ही तुमच्या कार्यालयात येत होतो. आता कुणाकडे जायचे? माझ्या वडिलांना माथाडी मंडळामुळे भविष्य निर्वाह निधी आहे, ग्रॅच्युइटीही मिळणार आहे. मी मात्र आयटीआय करून कारखान्यात कंत्राटदाराकडे लागलो, तर मला नेमणूकपत्र नाही आणि दोन महिन्यांचा पगार अडकला आहे. कामगारांसाठी तुम्ही इतकी वर्षे सभागृहात बोललात, त्यातून आमच्या हातात काय आले?"

या प्रश्नाचा शेवटचा भाग मला लागला, आणि तो लागायलाच हवा होता. 2009 पासून या मतदारसंघाने मला विधानसभेत पाठवले. रस्ते, पूल आणि शाळाखोल्या यांचा हिशेब मी वेळोवेळी दिला आहे, म्हणून तो येथे पुन्हा मांडत नाही. सरकारी कार्यालयातून मिळणारी सेवा आणि अंगमेहनतीच्या कामाला मिळणारे कायद्याचे संरक्षण, या दोनच गोष्टींबद्दल सविस्तर लिहितो, कारण या दोन्ही ठिकाणी मला तोच अनुभव आला. ज्या माणसाच्या नावाची आणि अर्जाच्या तारखेची कुठेही नोंद नसते, त्याला हक्क म्हणून काहीच मिळत नाही. जे मिळते ते कुणाच्या तरी शब्दावर मिळते, आणि शब्द टाकणारा माणूस बदलला की तेही थांबते. "आता कुणाकडे जायचे" असे तुम्हाला विचारावे लागते, याचा अर्थ मी शब्द पुष्कळ टाकले आणि नोंदी त्या मानाने कमी करून दिल्या.

पहिल्या कार्यकाळात माझ्या कार्यालयासमोर सकाळी आठपासून गर्दी असे, आणि त्या गर्दीचा मला अभिमान वाटे. त्या काळातील एक प्रसंग सांगतो. एक विधवा बाई नवऱ्याच्या मृत्यूनंतर सातबारावर वारस म्हणून नाव लावण्यासाठी कित्येक महिने हेलपाटे घालत होत्या. मी संबंधित अधिकाऱ्यांना फोन केला आणि आठवड्याच्या आत त्यांचा फेरफार मंजूर झाला. त्या पेढे घेऊन आल्या, मलाही समाधान वाटले. पुढे काही दिवसांनी त्याच गावातील एक शेतकरी भेटले आणि शांतपणे म्हणाले की त्यांचा अर्ज त्या बाईंच्या आधीचा होता, पण ते माझ्याकडे आले नव्हते म्हणून तो तसाच पडून राहिला. मी त्यांना काही उत्तर देऊ शकलो नाही. बाईंचे काम झाले हे योग्यच होते. परंतु माझ्या फोनने कार्यालयाचे काम सुधारले नव्हते, फक्त रांगेतील क्रम बदलला होता. तेव्हापासून शिफारसपत्र मागायला येणाऱ्याला मी आधी अर्जाची पोच विचारू लागलो, आणि दहापैकी आठ-नऊ जणांकडे ती नसे.

म्हणून महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आला, तेव्हा मला तो माझ्या कार्यकाळातील सर्वांत महत्त्वाच्या कायद्यांपैकी एक वाटला आणि आजही वाटतो. एप्रिल 2015 मध्ये तो अध्यादेशाच्या रूपाने आला आणि त्याच वर्षी विधिमंडळाने त्याचे अधिनियमात रूपांतर केले. या कायद्याने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपल्या सेवांची यादी जाहीर करणे बंधनकारक केले. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, ती देण्याची जबाबदारी कोणत्या पदनिर्देशित अधिकाऱ्याची आहे, आणि ती न मिळाल्यास पहिले व दुसरे अपील कोणाकडे करायचे, हे सर्व कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर असलेच पाहिजे. तुम्ही अर्ज दिला की त्याची पोच मिळाली पाहिजे, आणि त्या पोचेवर अर्ज मिळाल्याची तारीख, ठिकाण, अर्जाचा स्वतंत्र क्रमांक आणि सेवा देण्याची मुदत असली पाहिजे. अर्ज नाकारायचा असेल तर अधिकाऱ्याने त्याची कारणे लेखी दिली पाहिजेत आणि अपील कुणाकडे व किती दिवसांत करता येते, हेही लेखी कळवले पाहिजे.

मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला गेला, तर 30 दिवसांच्या आत त्याच विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते; उशिराचे कारण पटण्यासारखे असेल तर ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवून मिळते. पहिल्या अपिलाचा निर्णय 30 दिवसांत व्हावा लागतो. तेथे न्याय मिळाला नाही तर दुसरे अपील करता येते आणि त्याचा निर्णय 45 दिवसांत अपेक्षित आहे. त्यानंतरही समाधान झाले नाही, तर 60 दिवसांच्या आत राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम लहान आहे, असे अनेक सदस्यांना वाटत होते आणि मलाही वाटत होते. आज मी थोडे वेगळे म्हणेन: अधिकाऱ्याला त्या रकमेपेक्षा आपल्या नावावर लेखी आदेश निघण्याची चिंता अधिक असते, म्हणून दंड वाढवण्यापेक्षा अपिलांची संख्या वाढली तर फरक लवकर दिसेल. पण अपिले होत नाहीत, आणि त्यामागचे कारण मी अनेक कार्यालयांत प्रत्यक्ष पाहिले आहे.

बहुतेक वेळा अर्ज नाकारलाच जात नाही. तो घेतला जात नाही. "साहेब आज नाहीत", "हा कागद जोडून पुढच्या आठवड्यात या", "सर्व्हर बंद आहे" असे तोंडी सांगून माणसाला खिडकीवरूनच परत पाठवले जाते. कायद्याने दिलेली मुदत अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते, त्यामुळे जो अर्ज दाखलच झाला नाही त्याचा एकही दिवस मोजला जात नाही आणि कार्यालयाच्या अहवालात एकही प्रकरण प्रलंबित दिसत नाही. दुसरा प्रकार म्हणजे मुदतीच्या अगदी अखेरीस "त्रुटी" काढणे. ती पहिल्या दिवशीच दिसण्यासारखी असूनही शेवटच्या दिवशी कळवली जाते आणि अर्जदाराला सर्व काही नव्याने करावे लागते. यावरचा उपाय साधा असला तरी त्याला चिकाटी लागते. शक्य असेल तेथे अर्ज 'आपले सरकार' संकेतस्थळावरून किंवा सेवा केंद्रातून भरावा, क्रमांक असलेली पावती घेतल्याशिवाय तेथून उठू नये, आणि कार्यालयात प्रत्यक्ष कागद द्यायचा असेल तर दोन प्रती न्याव्यात व दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख मागावी. आवक विभागाने पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा, म्हणजे टपालाची पावती आपल्याजवळ राहते. माझ्या कार्यालयातील सहायकांनी गेली काही वर्षे लोकांना हेच शिकवले, आणि ज्यांनी एकदा स्वतः अपील केले ते पुढच्या कामाला माझ्याकडे आले नाहीत. त्या न आलेल्या माणसांची मला आज सर्वांत जास्त आठवण येते.

आता कामगारांच्या विषयाकडे वळतो. येथे मला थोडे मागे जावे लागेल, कारण तुमच्या वडिलांना जे मिळाले आणि तुम्हाला जे मिळत नाही, यातील फरक समजल्याशिवाय पुढचे उत्तर नीट कळणार नाही.

हमालाला मालक कोण, हा प्रश्न पूर्वी कायद्याला सोडवता येत नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी उतरवायची, दुपारी दुसऱ्याच्या गोदामात थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याचा माल भरायचा, आणि त्यांतील प्रत्येकाने "हा माझा नोकर नाही" असे म्हणायचे. प्रत्येकाचे म्हणणे वेगवेगळे पाहिले तर खरेही होते. त्यामुळे पाठीवर पोते वाहून ज्याचा मणका झिजला त्याला रजा, बोनस, निधी असे काहीच नव्हते, आणि काम सुटले की हमाल रिकाम्या हाताने घरी जात असे. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले, पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, आणि या चळवळींच्या रेट्यातून 1969 साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

या कायद्यामागची कल्पना मला आजही अत्यंत बुद्धिमान वाटते. त्याने एका हमालाचा एक मालक शोधण्याचा नाद सोडून दिला आणि त्या व्यवसायातील सर्व मालकांना व सर्व कामगारांना एका त्रिपक्षीय मंडळाकडे नोंदवले. मालकाने मजुरी मंडळाकडे भरायची, मजुरीच्या ठराविक टक्के लेव्ही त्यावर द्यायची, आणि मंडळाने हमालांच्या टोळीतील प्रत्येकाच्या नावावर त्याची मजुरी जमा करायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा आणि औषधोपचार यांची व्यवस्था होते. रोज मालक बदलला तरी मंडळाच्या वहीतील कामगाराचे नाव बदलत नाही. तुमच्या वडिलांची पुंजी त्या वहीतील नावामुळे उभी राहिली. याच धर्तीवर 1981 साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यांचीही मंडळे स्थापन झाली.

माथाडीच्या नावाखाली काही ठिकाणी खंडणी उकळली जाते, काम न करता मजुरी मागितली जाते, ही तक्रार उद्योजकांकडून मी वारंवार ऐकली आहे आणि काही प्रकरणांत ती खरी असल्याचे मला दिसले आहे. अशा माणसांवर फौजदारी गुन्हे दाखल झालेच पाहिजेत. परंतु त्यांचे उदाहरण पुढे करून मंडळांचे अधिकार कमी करण्याचे जे प्रयत्न वेळोवेळी होतात, त्यांना मी विरोध केला, कारण खंडणी मागणारा कधीच मंडळाच्या वहीत नाव घालून लेव्ही कापून घेत नाही, आणि मंडळ दुबळे झाले तर नुकसान प्रामाणिक टोळीचेच होते. कायद्याचा खरा दोष वेगळा आहे. अनेक तालुक्यांच्या ठिकाणी आणि नव्या गोदामांमध्ये मालकांची नोंदणीच झालेली नाही. मंडळांकडे निरीक्षक अपुरे आहेत. आणि ऑनलाइन विक्रीच्या गोदामात माल चढवणारा मुलगा हमालाचेच काम करत असला तरी त्याच्या कामाला वेगळे नाव दिल्यामुळे तो मंडळाच्या बाहेर राहतो.

आता तुमच्याबद्दल लिहितो. तुम्ही शिकलात, यंत्रावर काम करता, आणि तरीही तुमच्या वडिलांपेक्षा तुमचे संरक्षण कमी आहे, हे वाचून मला फार वाईट वाटले. यात तुमची काही चूक नाही. कारखाना म्हणतो तुम्ही कंत्राटदाराचे, कंत्राटदार म्हणतो कारखान्याने बिल दिले नाही. म्हणजे हमालाच्या बाबतीत 1969 पूर्वी जो खेळ चालत होता, तोच आज तुमच्याबरोबर चालू आहे. परंतु पगाराच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने स्पष्ट आहे. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे कारखान्यावर येते. ही तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या कामगार संहितेतही ती कायम ठेवली आहे.

केंद्राचे 29 कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत. माथाडी कायदा हा राज्याचा स्वतंत्र कायदा असल्यामुळे तो त्या 29 मध्ये नाही, हे तुमच्या वडिलांना सांगा, कारण त्यांच्या टोळीत याबद्दल भीती पसरली असल्याचे मी ऐकले आहे. या संहितांबद्दल माझे मत संमिश्र आहे. कामगार कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी आता 300 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागते, पूर्वी ही मर्यादा 100 होती. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी 50 किंवा त्याहून अधिक कंत्राटी कामगार असतील तेथेच लागू होतात, मूळ केंद्रीय कायद्यात हा आकडा 20 होता. आपल्या औद्योगिक वसाहतीतील बहुसंख्य कारखाने लहान आहेत, त्यामुळे या बदलांचा फटका आपल्याच मुलांना बसेल, अशी मला काळजी आहे आणि ती मी सभागृहात मांडली आहे.

तरीही या संहितांमधील काही तरतुदी तुमच्या हातात बळ देणाऱ्या आहेत, आणि त्या वापरायच्या कशा हे सांगणे आज माझे काम आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. कामावरून काढले किंवा तुम्ही स्वतः राजीनामा दिला, तर सर्व थकबाकी दोन कामकाजाच्या दिवसांत मिळाली पाहिजे. थकीत वेतनाचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. जुन्या वेतन प्रदान कायद्यात ही मुदत 12 महिने आणि किमान वेतन कायद्यात सहा महिने होती, त्यामुळे कितीतरी कामगारांचे दावे केवळ उशिरामुळे फेटाळले जात. दावा कामगार स्वतः करू शकतो, त्याची नोंदणीकृत संघटना करू शकते, किंवा निरीक्षकही करू शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पगार दिला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो मिळाला नाही, हे सिद्ध करायला तुम्हाला धावावे लागत नाही. दावा मान्य झाल्यास थकीत रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकारही प्राधिकाऱ्याला आहे. आणि नेमणूकपत्र देणे हे आता मालकाचे कर्तव्य आहे, ते मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

यातही एक अडचण राहते. पगार दिला हे मालकाने सिद्ध करायचे असले, तरी तुम्ही तेथे काम करत होता एवढे तुम्हाला दाखवावे लागते, आणि नेमणूकपत्र नसेल तर वाद नेमका तेथेच अडतो. म्हणून प्रवेशद्वारावरील पास, हजेरीच्या यंत्राची पावती, पूर्वीचे पगार बँकेत जमा झाल्याच्या नोंदी, भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक, पाळीच्या वेळापत्रकाचा फोटो, पर्यवेक्षकाने मोबाइलवर पाठवलेले संदेश, यातील जे असेल ते जपून ठेवा. रोख पगार घेत असाल तर तारीख आणि रक्कम रोज एका वहीत लिहा. साधी वही असली तरी नियमित लिहिलेल्या वहीला प्राधिकाऱ्यासमोर किंमत असते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

एका विषयात मी कमी पडलो, आणि तो टाळून हे उत्तर पुरे करणे मला योग्य वाटत नाही. आपल्या मतदारसंघातील वाड्या-तांड्यांवरून दर वर्षी दिवाळीच्या आसपास हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक "कोयता" धरला जातो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम मुकादमाकडून घेतली जाते, मुकादमाचा करार वाहतूक ठेकेदाराशी असतो आणि ठेकेदाराचा साखर कारखान्याशी. या साखळीत कारखान्याच्या कागदावर तोडणी करणाऱ्या बाईचे नाव कुठेच येत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि 82,309 महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. ते आकडे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. खाडा झाला की दंड, गरोदरपणात रजा नाही, फडावर शौचालय नाही, आणि या सगळ्यावर उपाय म्हणून अवयवच काढून टाकायचा, अशी वेळ आपल्या बहिणींवर आली होती.

मुंबई विधान परिषदेत 1928 साली प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता, आणि 1929 साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आपल्या विधिमंडळाचा वारसा इतका मोठा आहे. तरीही जवळजवळ शंभर वर्षांनंतर फडावरची बाई बाळंतपणानंतर काही दिवसांतच मोळी उचलते, कारण तिला रजा द्यायला कायद्याच्या दृष्टीने तिचा मालकच नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, ऊस गाळपावर टनामागे 10 रुपयांची आकारणी करून त्याला निधी देण्याचे ठरले, मुलांसाठी वसतिगृहे सुरू झाली, ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रे देण्याचे काम चालू झाले. यातील प्रत्येक गोष्टीचा मी पाठपुरावा केला. पण महामंडळ कल्याणाच्या योजना देते. मजुरी, रजा आणि अपघात भरपाई यांची जबाबदारी ठरवत नाही. माथाडी मंडळासारखी रचना ऊसतोडीला लावून, कारखान्याने मजुरी मंडळाकडे भरावी आणि नवरा-बायको दोघांच्या नावे ती वेगवेगळी जमा व्हावी, असा स्वतंत्र कायदा करणे शक्य होते. मी ती मागणी केली, पण त्यासाठी सदस्यांची एकजूट उभी करण्यात मला यश आले नाही. या अपयशाची जबाबदारी मी स्वीकारतो. माझ्यानंतर येणाऱ्याने, तो कोणत्याही पक्षाचा असो, हे काम हाती घ्यावे म्हणून मी जमवलेली सर्व टिपणे त्याला देणार आहे.

बांधकाम कामगारांबद्दल थोडक्यात सांगतो. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन त्यांच्यासाठी कल्याणकारी मंडळ चालते, आणि 18 ते 60 वर्षे वयाच्या, मागील 12 महिन्यांत किमान 90 दिवस काम केलेल्या कामगाराला त्यात नोंदणी करता येते. ते 90 दिवसांचे प्रमाणपत्र कंत्राटदार, ग्रामसेवक किंवा नगरपालिकेचा अधिकारी देऊ शकतो. हे प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणून पैसे घेणारे दलाल आपल्याकडेही आहेत. त्यांना पैसे देऊ नका, आणि ज्यांनी कधी वीट उचलली नाही अशा माणसांची नोंदणी होत असेल तर लेखी तक्रार करा, कारण तो पैसा गवंड्याच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा आहे.

आमदाराने नेमके काय करायचे असते, याबद्दलही तुमच्या पत्रात एक वाक्य होते. माझ्या मनात यासाठी वि. स. पागे यांचे उदाहरण आहे. ते विधान परिषदेचे सभापती होते, आणि मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना 1965 साली तासगाव परिसरातील प्रयोगातून सुरू झाली, 1972 च्या दुष्काळात लाखो लोकांना तिने जगवले, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. शहरातील नोकरदारांकडून घेतलेला व्यवसाय कर गावाकडील मजुराच्या मजुरीसाठी वापरायचा, हे धाडसही त्या वेळच्या सभागृहाने दाखवले. पुढे 2005 साली देशाने असा कायदा केला. त्या योजनेतही मजुराने काम मागितल्याची तारखेची पोच हीच किल्ली होती, कारण 15 दिवसांत काम मिळाले नाही तर बेकार भत्ता द्यावा लागे, आणि भत्ता द्यावा लागू नये म्हणून अनेक ठिकाणी पोचच दिली जात नसे.

आमदाराकडे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा ही साधने असतात, पण सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे आश्वासन समिती. मंत्री सभागृहात "तपासून कार्यवाही करू" असे म्हणतात तेव्हा ते नोंदवले जाते, आणि त्याचे पुढे काय झाले हे ही समिती विचारू शकते. गाजणाऱ्या भाषणापेक्षा जुन्या आश्वासनामागे तीन अधिवेशने लागून राहणे अधिक फळते, हे मला दुसऱ्या कार्यकाळात कळले. नागरिकांनाही विनंती अर्ज समितीच्या मार्गाने आपले गाऱ्हाणे विधिमंडळापर्यंत नेता येते. आपल्या भागातून त्याचा उपयोग फारच कमी झाला आहे. पुढच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्याला तुम्ही रस्त्याबद्दल विचाराल ते जरूर विचारा, पण कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात आपल्या तालुक्यातील किती दावे किती दिवस पडून आहेत, हेही विचारा. ही माहिती माहिती अधिकारात मिळते, आणि ती हातात असलेल्या मतदाराशी उमेदवार वेगळ्या प्रकारे बोलतो.

कार्यकाळ संपेपर्यंत माझे कार्यालय रोज उघडे राहील. शिफारसपत्रे मी देत नाही असे नाही. रुग्णालयात खाट मिळत नसेल, कुणाचा जीव अडकला असेल, तेथे मी फोन करीनच. परंतु दाखले आणि पगाराच्या कामासाठी कार्यालयात दोन सहायक बसवले आहेत, ते अर्ज, अपील आणि दावा लिहून देतील, आणि प्रत्येक प्रकरणाचा क्रमांक, तारीख व पुढची मुदत एका नोंदवहीत लिहिली जाईल. त्या वहीची एक प्रत पुढच्या लोकप्रतिनिधीला आणि एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात ठेवण्याची व्यवस्था करीत आहे. तिच्यात नावे नसतील, फक्त क्रमांक आणि मुदती असतील.

तुमच्या दोन महिन्यांच्या पगाराबद्दल सांगायचे तर, आधी कंत्राटदार आणि कारखाना या दोघांच्या नावे एकच लेखी मागणी स्पीड पोस्टाने पाठवा आणि तिच्यात कामाचे महिने, थकलेली रक्कम व तुमचा पास क्रमांक लिहा. तुमच्याबरोबर आणखी किती जणांचा पगार अडकला आहे, ते विचारून घ्या, कारण चौघांनी मिळून केलेला दावा टिकतो आणि एकट्याला धमकावणे सोपे असते. सोमवारी येताना बँकेचे पासबुक, आधार कार्ड आणि प्रवेशद्वाराचा पास घेऊन या. पासची झेरॉक्स दाव्याला जोडू, मूळ पास मात्र कुणालाही देऊ नका, मलासुद्धा नाही.